गुरुवारची दुभाषी

बडागुडा, जि. गंजाम, ओडिशा
८ सप्टेंबर २०२४

बाई,

हे पत्र सुकांतीचं हाय. सुकांती बेहेरा. तुमच्या 'ओसरी' वर्गातली, गुरुवारी दवाखान्यात जाणारी. आधी ओळखा, मग पुढं वाचा.

इथं येऊन तीन महिने झाले. सासू न्हाणीत पडली, कमरेचं हाड मोडलं, तेव्हा दंडपाणी म्हणाला, तू जा, मी इथं फौंड्रीचं काम बघतो, दिवाळीपर्यंत परत ये. म्हणून झुनूला घेऊन आले. सासू अजून उठत न्हाय. तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. एक मी, आणि दुसरी पण मीच.

फोन करत न्हाय म्हणून तुम्हाला राग आला असंल. आमचा फोन दंडपाणीकडं राहिला. इथला फोन दिराचा. तो आवाज मोठा करून मधी ठेवतो आणि सगळं घर ऐकतं. दंडपाणी आठवड्यातून एकदा करतो. 'बरी हायस?' 'बरी हाय.' संपलं.

पत्र लिहायचं तर मला माझ्या भाषेत लिहिता येत न्हाय, हे तुम्हाला म्हाईत हाय. मी शाळेत कधी गेलेच न्हाय. पहिलं अक्षर काढलं ते तुमच्यासमोर, तालमीच्या वरच्या मजल्यावर, आणि ते मराठी. इथं मराठी कुणालाच येत न्हाय. दीर माझी वही उघडतो, सुलटी करतो, उलटी करतो आणि ठेवून देतो. मला बरं वाटतं. या घरात एवढी एकच गोष्ट माझी हाय.

काल तिथं गणपती बसले असतील. झुनू सकाळी दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, 'आई, पाणी दे की.' गल्लीतल्या बायका हसल्या. चार वर्षांची हाय, जन्म कोल्हापूरचा, बायडाबाईंच्या चाळीतला, तिला दुसरं काय येणार? मी तिला ओडियात बोल म्हणून रागावते. पण आम्ही दोघी तळ्यावर धुणं घेऊन जातो तेव्हा मीच तिच्याशी मराठी बोलते. नंतर वाईट वाटतं. तरी दुसऱ्या दिवशी परत बोलते.

घर मोठी हाय. माणसं वाईट न्हाईत. पण मला नावानं कुणी हाक मारत न्हाय. धाकटी सून म्हणतात, न्हायतर झुनूची आई.

एक विचारते. दवाखान्यात नव्या बायकांबरोबर आता कोण जातं? ओसरीच्या भिंतीवरच्या कागदावर गुरुवारसमोर माझं नाव होतं, ते काढलं का? काढलं असलं तरी सांगा.

चुका हिरव्या पेनानं दुरुस्त करून पाठवा.

सुकांती


कोल्हापूर
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय सुकांती,

तुझं पत्र वस्ताद आकारामांनी वर आणून दिलं. तालमीतल्या पोरांना व्यायाम करताना थांबवून म्हणाले, 'हे बघा, आमच्या सुकांतीनं ओडिशातनं मराठीत पत्र पाठवलंय. तुमास्नी येतंय का लिहाय असं?' मग स्वतः पाकीट चारदा उलटंपालटं करून पाहिलं आणि मला म्हणाले, 'बाई, पोरगी बरी हाय न्हवं?'

घर मोठं, मोठी नाही. बाकी पत्रात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही, आणि हिरवं पेन हातात धरून मी बराच वेळ नुसती बसले. तीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त होऊनही आठ वर्षं झाली, पण माझ्या विद्यार्थ्याचं मला आलेलं हे पहिलं खरंखुरं पत्र.

ओसरीत सध्या बावीस जण येतात. बिहारच्या पाच जणी नवीन आहेत, एक नेपाळी जोडपं आहे. पहिल्या दिवशी तू बसायचीस तशाच सगळ्या भिंतीला पाठ लावून बसतात आणि प्रश्न विचारला की एकमेकींकडे पाहतात. 'इथं दुखतंय', 'मला कळलं नाही, पुन्हा सांगा', ही दोन वाक्यं अजूनही आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. दुसरं वाक्य आधी शिकवायचं, हे तूच आम्हाला सांगितलं होतंस.

गुरुवारी दवाखान्यात कुणी जात नाही. तुझ्यासारखं दोन्ही बाजूंचं बोलणं येणारं माणूस मिळालेलं नाही. बघू बघू म्हणत तीन महिने गेले, हा आमचा आळस. तुझं नाव भिंतीवर तसंच आहे.

दंडपाणी इकडे कधी येत नाही. तो तुझ्या वेळीही जिन्याखाली उभा राहायचा. त्याला निरोप द्यायचा असेल तर लिही.

तुझी
कालिंदीबाई


बडागुडा
१२ ऑक्टोबर २०२४

बाई,

आज दसरा. तुमचं पत्र सात वेळा वाचलं. सासू विचारते, काय लिहिलंय? मी तिला आकारामकाकांचं सांगितलं. ती हसली. पडल्यापासून पहिल्यांदा हसली.

आता काम सांगते. दंडपाणीचा फोन दोन आठवडे आला न्हाय. मग परवा आला, पण दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरनं. म्हणाला, माझा फोन बिघडला. मी म्हणाले, दिवाळीला मी येऊ का? तो गप्प राहिला. मग म्हणाला, नको, आईजवळ रहा. आणि ठेवला.

बाई, तो कमी बोलतो हे मला म्हाईत हाय. कोल्हापुरात आठ वर्षं राहिला, पण दुकानदाराशी, घरमालकाशी, डॉक्टरशी, सगळ्यांशी मी बोलायची. तो मागं उभा राहायचा. पण माझ्याशी तो असा गप्प राहत न्हाय. हे गप्प राहणं वेगळं हाय.

तुम्ही एकदा त्याला बघून या. बायडाबाईंची चाळ तुम्हाला म्हाईत हाय. शेवटची खोली. त्याला सांगू नका मी पाठवलं म्हणून.

सुकांती


कोल्हापूर
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुकांती,

मी रविवारी जाऊन आले. दंडपाणी भेटला. तो बरा आहे. फोन खरंच बिघडला आहे. दिवाळीआधी कारखान्यात काम फार असतं, त्यामुळे थकलेला वाटला, पण बरा आहे.

बायडाबाईंनी चहा केला. तुझी तुळस त्यांनी त्यांच्या दारात नेऊन ठेवली आहे, चांगली वाढली आहे. इकडे थंडी पडायला लागली. गुऱ्हाळं सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. नेपाळी जोडप्याला आता वारांची नावं येतात. आकारामांचा गुडघा दुखतो, तरी जोतिबाला चालत जाण्याच्या गोष्टी करतात.

काळजी करू नकोस. तो बरा आहे. सासूबाईंची सेवा करते आहेस, त्याचं पुण्य मोठं.

कालिंदीबाई


बडागुडा
१५ नोव्हेंबर २०२४

बाई,

तुम्ही 'बरा आहे' तीनदा लिहिलं. तुमचं पत्र कधी असं नसतं. तुळस, गुऱ्हाळ, गुडघा, सगळं हाय, पण तो काय बोलला ते न्हाय. त्यानं झुनूचं विचारलं का? तो न विचारता राहायचा न्हाय. विचारलं असतं तर तुम्ही पहिल्या ओळीत लिहिलं असतं.

मला वाटतं ते लिहिते. फौंड्रीच्या मागं आमच्याकडच्या बाया राहतात. त्यातल्या एकीचा नवरा गेल्या वर्षी गेला. ती दंडपाणीला डबा द्यायची, मी तिथं असताना पण द्यायची. आता मी न्हाय. पुरुष माणूस एकटा. मी भांडणार न्हाय, असं त्याला सांगा. फक्त खरं काय ते सांगावं. मी इथं त्याच्या आईचं हागणं-मुतणं काढते, एवढं विचारायचा माझा हक्क हाय.

तुम्हाला पण सांगते. मला वाचायला येतं. जे लिहिलं न्हाय ते पण वाचायला येतं.

सुकांती


कोल्हापूर
२९ नोव्हेंबर २०२४

सुकांती,

दुसरी कुणी बाई नाही. तो विचार आत्ताच्या आत्ता मनातून काढ. बसून वाच.

दंडपाणीचा डावा डोळा गेला आहे. उजवा चांगला आहे. त्याच्या जिवाला आता काही धोका नाही.

चोवीस सप्टेंबरला भट्टीवर लोखंडाचा रस ओतताना उडाला. थोडा दंडावर, थोडा डोळ्यात. बरोबरच्या माणसांनी त्याला कारखान्याजवळच्या एका डॉक्टरकडे नेलं आणि ते कामावर परत गेले. डॉक्टरनं विचारलं, दिसतंय का? दंडपाणी हो म्हणाला. दुखणं कमी झालं का? हो. जास्त वाटलं तर लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं, कळलं? हो. डॉक्टरनं थेंब घातले, पट्टी बांधली आणि घरी पाठवलं. चार दिवस तो खोलीत पडून होता. पाचव्या दिवशी बायडाबाईंनी दार ढकललं, त्याची पू लागलेली उशी पाहिली आणि त्याला रिक्षात घालून थोरल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळं केलं. पण उशीर झाला होता. त्या डोळ्यानं त्याला पहिल्या दिवसापासूनच काही दिसत नव्हतं.

मी गेले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बायडाबाई दारातच म्हणाल्या, 'बाई, त्यो उजेडात येत न्हाय. मी भाकरी दारात ठेवतो, मग घेतोय. सुकांतीला कळवा म्हटलं तर हात जोडतोय.' आत गेले तर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला पाहून उठला आणि पट्टीवर हात धरला, जणू मला दिसू नये. त्याला मराठी येत नाही आणि हिंदी मोडकीतोडकी. तसल्याच हिंदीत तो म्हणाला, 'सुकांती को मत बोलना. माँ को छोड़ के आएगी. माँ मर जाएगी.' हे तो चार-पाच वेळा म्हणाला आणि माझ्या पायाशी वाकला. मी शब्द दिला. झुनूचं त्यानं विचारलं होतं. ते मी लिहू शकले नाही, कारण ते लिहायला बसले की बाकीचं सगळं लिहिलं गेलं असतं.

आता आकाराम त्याला गाडीवरून पट्टी बदलायला नेतात. ओसरीत मंगळवारी कायद्याचं सांगायला येणाऱ्या बाई त्याच्या कारखान्याचे कागद बघत आहेत. त्यात कमी पडू देणार नाही.

तुझ्या जागी गुरुवारी कुणी असतं तर चाळीचाळींत जाणं-येणं राहिलं असतं, पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी कानावर आलं असतं. हे मला रोज आठवतं.

कालिंदीबाई


कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

प्रिय सुकांती,

सात आठवडे झाले, तुझं पत्र नाही. मी दोनदा पोस्टात जाऊन विचारून आले. तू दिराच्या फोनवर दंडपाणीशी बोललीस, एवढं आकारामांकडून कळलं. काय बोललात ते तो सांगत नाही.

तू रागावली असशील. मी समजूत घालायला लिहीत नाही. एक सांगायचं आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझी ऋता परदेशात आहे, तुला माहीत आहे. तिचे बाबा आजारी पडले तेव्हा मी तिला तीन महिने कळवलं नाही. ती फोनवर विचारायची, बाबा कसे आहेत? मी म्हणायची, बरे आहेत. झोपलेत. फिरायला गेलेत. तिची परीक्षा होती, तिकीट महाग होतं, तिला त्रास नको, अशी कारणं माझ्याजवळ पुष्कळ होती. शेवटी सांगितलं तेव्हा ती निघाली आणि पोचायच्या आधीच सगळं झालं होतं. ती माझ्यावर ओरडली नाही. त्यानंतर बारा वर्षं ती दर रविवारी फोन करते आणि मी कशी आहेस म्हणून विचारलं की 'बरी आहे' म्हणते. त्यापुढे काही सांगत नाही. मी असं एकदा केलं होतं आणि त्याचं काय झालं ते मला माहीत होतं, तरी तुझ्या बाबतीत पुन्हा तेच केलं.

आता दंडपाणीचं. एक तारखेपासून तो ओसरीत येतो. जिन्याखाली नाही, वर येतो. पहिल्या दिवशी बायका दचकल्या, कारण वर्गात नेपाळी सोडला तर पुरुष कुणी नाही, आणि हा एवढा थोराड, डोळ्यावर पट्टी. तो मागे दाराजवळ बसला. कारखान्याच्या मालकांनी फाटकावर बसवतो असं सांगितलं आहे, पण येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला आले पाहिजेत. मला वाटलं, त्यासाठीच आला. अक्षरं गिरवून झाली की बाकीचे आपलं नाव लिहायला शिकतात. त्याला मी म्हटलं, दंडपाणी लिही. त्यानं मान हलवली. म्हणाला, 'पहिलं सुकांती.'

पत्र लिही. रागाचं लिही, पण लिही.

कालिंदीबाई


बडागुडा
९ फेब्रुवारी २०२५

बाई,

रागाचं लिहिते. या पत्रातल्या चुका दुरुस्त करू नका.

मला वाचायला यायला लागलं त्या दिवशी तुम्ही पेढा दिला आणि म्हणाला, आता तुला कुणी काही सांगून गप्प बसवू शकणार न्हाय. मी ते खरं मानलं. दीर, सासरा, मुकादम, कुणी खोटं बोललं तर मला नवल न्हाय. तुम्ही कागदावर खोटं लिहिलं. मला जी एकच भाषा वाचता येते तिच्यात लिहिलं.

पण सात आठवडे मी तुमच्यावर रागावून गप्प न्हवते. तुमच्यावरचा राग आठ दिवसांत गेला. मी दुसऱ्याच गोष्टीनं गप्प होते. ती लिहायला हात वळत न्हवता.

दंडपाणी डॉक्टरला हो म्हणाला, ते मी शिकवलं होतं. कोल्हापुरात आलो तेव्हा त्याला काही कळायचं न्हाय, लोक हसायचे, तो चिडायचा, एकदा मारामारी झाली. मग मला मराठी यायला लागल्यावर मी त्याला सांगितलं, कुणी काही विचारलं तर हो म्हण, हस, आणि घरी ये, मग मी जाऊन बोलते. इतर बायकांना मी 'मला कळलं न्हाय, पुन्हा सांगा' शिकवायची. नवऱ्याला हो शिकवलं. का म्हणाल, तर मला ते आवडायचं. सगळं घर माझ्या तोंडानं बोलायचं. इथं माहेरी-सासरी मला कुणी कधी विचारलं न्हाय, आणि तिथं दवाखान्यात नर्स विचारायची, सुकांतीताई आल्या का? मी त्याला शिकू दिलं न्हाय, बाई. तो एकदा म्हणाला होता, मी पण येऊ का वर? मी म्हणाले, बायकांचा वर्ग हाय.

बायकांचा वर्ग न्हवता. तुम्हाला म्हाईत हाय.

फोनवर तो म्हणतो, मी गावाला येतो, आता तिथं काय ठेवलंय? घरात सगळे म्हणतात, येऊ दे. बरोबर हाय. त्याचं गाव, त्याची आई. पण मला कोल्हापूर पाहिजे. कुणाला सांगू? इथं तोंडातनं काढलं तर म्हणतील, नवऱ्याचा डोळा गेला आणि हिला शहर पाहिजे. मला तो जिना आठवतो. दवाखान्याच्या दारातली ती लांब रांग आठवते, रांगेत उभ्या असलेल्या घाबरलेल्या बाया आठवतात. बायडाबाईचं ओरडणं आठवतं. तळ्याच्या काठावर धुणं आपटताना वाटतं, आता कुणीतरी हाक मारंल, सुकांती म्हणून. इथं त्या नावाचं कुणी राहतच न्हाय.

सोबत एक कागद हाय, घडी घालून. तो दंडपाणीचा. त्यात मी हे सगळं लिहिलंय, शिकू दिलं न्हाय ते पण. तुम्ही त्याला वाचून दाखवा. फोनवर मला सांगता येणार न्हाय. मधी सगळे बसलेले असतात.

सुकांती


कोल्हापूर
२ मार्च २०२५

प्रिय सुकांती,

तुझा कागद मी उघडला नाही. वर्ग सुटल्यावर दंडपाणीला थांबवलं, म्हटलं, तुझ्या बायकोनं पाठवलंय, वाचून दाखवू? त्यानं तो हातात घेतला, उघडला आणि वरचा शब्द ओळखला. तो त्याचंच नाव होतं. मग घडी घालून खिशात ठेवला. म्हणाला, 'मी वाचतो.' मराठीत म्हणाला.

त्याला सहा दिवस लागले. रोज वर्गाच्या आधी तासभर येऊन खिडकीशी बसायचा. एका डोळ्यानं वाचायचं म्हणजे मान वाकडी करावी लागते. बोट ओळीखाली धरून तोंडानं पुटपुटायचा. शब्द अडला की कागद झाकून तेवढाच शब्द मला दाखवायचा, मागचं-पुढचं दिसू द्यायचा नाही. एकदा 'शिकू' दाखवला, एकदा 'माफ'. तिसऱ्या दिवशी मधेच उठून खाली गेला आणि तालमीच्या कट्ट्यावर बसून राहिला. आकाराम त्याच्याजवळ जाऊन बसले. मग म्हणाले, 'पावणं, वर जावा. अर्ध्यात सोडायचं न्हाय.' तो वर आला.

सहाव्या दिवशी वाचून झालं तेव्हा त्यानं माझ्याकडे कोरा कागद मागितला. लिहिलेलं मला दाखवलं नाही. पाकीट त्यानंच चिकटवलं, ते याच टपालात घातलं आहे. मी फक्त वर पत्ता लिहिला.

गेल्या रविवारी ऋताचा फोन आला. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबांबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही. ती म्हणाली, 'आई, शेवटी ते माझं नाव घ्यायचे का?' मी तिला सगळं सांगितलं, दिवसवार. दोन तास गेले. हे तुझ्यामुळे झालं, म्हणून तुला कळवते.

कालिंदीबाई


बडागुडा
२३ मार्च २०२५

बाई,

त्याचं पत्र आलं. तुम्हाला त्यानं दाखवलं न्हाय, पण मी तुमच्यापासून काही लपवणार न्हाय. जसं हाय तसं उतरवते, चुका पण तशाच.

'सुकांती. मी दंडपाणी लिहितो. डावा डोळा गेला. उजवा हाय. दिसतो. तुझा कागद वाचला. सहा दिवस. तू लिहिली मी शिकू दिला नाही. मला पण बरा वाटत होता. तू बोलत होती, मी मागे उभा. मला लाज नाही वाटत होती. तुझी चूक अर्धी. माझी अर्धी. तुला कोल्हापूर पाहिजे हे मला माहित नव्हता. आठ वर्ष माहित नव्हता. मला गाव पाहिजे. पण तू नाही तर गाव पण नको. झुनू किती उंच झाली. फाटकावर काम लागला. गाडीचा नंबर लिहितो. तू ये. मग बोलू. मी आता बोलतो.'

बाई, माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. एवढं तो एका वेळी कधी बोलला न्हाय.

पत्र आलं तेव्हा मी सासूचे पाय चोळत होते. तिनं विचारलं, कालिंदीबाईचं का? मी म्हणाले, तुमच्या पोराचं. तिला खरं वाटेना. त्याला कुठं लिहिता येतं? मग मी वाचलं, एकेक ओळ ओडियात सांगत. डोळ्याचं तिला फोनवर सांगितलंच होतं, पण तेव्हा ती रडली न्हवती, तेव्हा सगळे बघत होते. आता रडली. मग म्हणाली, परत वाच. आता रोज दुपारी तिला वाचून दाखवावं लागतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या येऊन बसतात. 'मी आता बोलतो' आलं की त्या माना हलवतात. 'तुला कोल्हापूर पाहिजे' ही ओळ मी पहिल्या दिवशी गाळली होती. चौथ्या दिवशी सासू म्हणाली, मधी थांबतेस तिथं काय हाय? मी वाचलं. मला वाटलं, आता शिव्या देईल.

ती म्हणाली, 'मी सोळाव्या वर्षी या घरात आले. मला काय पाहिजे ते मला कुणी विचारलं न्हाय. मी पण कुणाला विचारलं न्हाय. तू जा. थोरलीला बोलावून घे.'

थोरली म्हणजे माझी नणंद. ती काल आली. भातलावणीपर्यंत राहते म्हणाली. पुढचं पुढं बघू. सासूला कुशीवर वळवायचं कसं ते मी तिला दाखवलं. सासू मला म्हणाली, लवकर ये असं मी म्हणणार न्हाय, पण पत्र पाठव. मी म्हणाले, इथं वाचणार कोण? तर म्हणते, झुनूला शिकवून पाठव.

तिला सोडून निघताना मला काय होईल, आत्ताच सांगता येत न्हाय. इतके महिने मला इथनं जायचं होतं, आणि काल तिचे केस विंचरताना हात थांबला. गेले नऊ महिने या घरात माझ्यावाचून तिचं चाललं न्हाय.

आम्ही ब्रह्मपूरहून गाडीनं पुण्याला येतो आणि पुण्याहून एसटीनं. सहा एप्रिल, रविवार, दुपारच्या सुमारास कोल्हापूर स्टँड. दंडपाणीला कळवलंय. तुम्हाला कळवते ते एवढ्यासाठी की तुम्ही येऊ नका. आकारामकाकांना पण पाठवू नका, ते ऐकायचे न्हाईत, पण बसवून ठेवा. बायडाबाईंना सांगा, चुलीवर भात ठेवा, स्टँडवर येऊ नका.

पुण्याची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते त्याला म्हाईत न्हाय. कधी लागली, उशीर हाय का, तेही म्हाईत असणार न्हाय. त्याला खिडकीवर जाऊन विचारावं लागंल. आतला माणूस घाईत बोलंल, तेव्हा कळलं न्हाय तर परत विचारावं लागंल. तुम्ही बरोबर असलात तर तो मागं उभा राहील.

उशीर झाला तरी चालंल. मी झुनूला घेऊन गाडीतनं उतरते आणि जिथं उतरले तिथंच उभी राहते.

सुकांती